पंख्यांची टोके वर वळवण्याबाबत

"माणसाच्या इतिहासात खऱ्या क्रांत्या दोनच झाल्या," साहेब म्हणाले. "एक चाकाची, दुसरी पंखाची. तिसरी आज दुपारी साडेतीन वाजता याच खोलीत होणार आहे."

"साहेब, जरा पाय बाजूला घेता का?" शिडीवरून वायरमन म्हणाला. "स्क्रू पडलाय."

साहेबांनी पाय बाजूला घेतला. स्क्रू सापडला. क्रांतीचे वातावरण मात्र पुन्हा काही जमले नाही.

बैठकीच्या खोलीत तेव्हा तिघेच होते. विमान कंपनीच्या उड्डाण विभागाचे प्रमुख, म्हणजे साहेब. छताच्या पंख्याशी झटणारा वायरमन. आणि छातीशी फाइल धरून उभे असलेले आकडेवारी विभागाचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे ऑफिस 'सरासरी' म्हणत असे. छत्तीस वर्षे त्यांनी कंपनीतल्या यच्चयावत गोष्टींची सरासरी काढली होती. विमानांचा उशीर, हरवलेल्या बॅगा, प्रवाशांची वजने, काही म्हणता काही सोडले नव्हते. त्यांना खरे नाव होते, पण ते फक्त पगारपत्रकाला ठाऊक होते. अकरा दिवसांनी ते निवृत्त होणार होते.

फाइल विंगलेटची होती. विंगलेट म्हणजे विमानाच्या पंखाच्या टोकाला बसवायचे, वर वळलेले, पुरुषभर उंचीचे पाते. त्याने टोकाशी उठणारा हवेचा भोवरा कमी होतो आणि इंधन वाचते. हँगरमधली मंडळी त्याला सरळ 'मिशा' म्हणत. कंपनीच्या चौदा जुन्या विमानांना मिशा लावायच्या की नाही, हे आज ठरायचे होते. सरासरींच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. अहवालाच्या शेवटी 'शिफारस' असा एक चौकोन होता आणि त्यात हो किंवा नाही लिहून सही त्यांनी करायची होती. आजवर त्यांनी फक्त आकडे पुरवले होते. मत नेहमी दुसऱ्याचे असे.

"मग, हो ना?" साहेबांनी विचारले.

"हो, सर. सहा वर्षांत खर्च भरून निघतो. विमानं अजून आठ वर्षं चालतील. म्हणजे दोन वर्षं निव्वळ फायदा."

"झकास. मी मॉडेल सांगून ठेवलंय. मिशांसकट." साहेब गेले.

सरासरींनी सहज वर पाहिले. वायरमन पक्कड लावून पंख्याच्या पात्याचे टोक वाकवत होता.

"अहो, हे काय करताय?"

"टोकं वळवतोय."

"कशाला?"

"ऑर्डर आहे." वायरमनने खिशातून घडी केलेला कागद काढून खाली दिला. "दोन पाती झाली. एक राहिलंय."

कागदावर टाइप केले होते : 'सर्व पंख्यांची टोके वर वळवण्याबाबत. प्रथम एका पंख्यावर प्रयोग करून पाहावा.' खाली साहेबांची सही होती, खरीखुरी, तिरकी.

मजकूर सरासरींचाच होता. त्यांनी लिहिले होते 'पंखांची' आणि 'पंखावर'. टायपिंग विभागाला ते अशुद्ध वाटले असावे. त्यांनी दोन्हीकडे एकेक 'य' जास्तीचा घातला आणि कागद इमारत दुरुस्तीकडे गेला. तिथे मात्र त्याच्यावर कोणी शंका घेतली नाही.

"तुम्हाला काही विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं की. पण मागच्या वर्षी भिंतीवरची घड्याळं दहा मिनिटं पुढं करायची ऑर्डर आली होती, लोक वेळेवर यावेत म्हणून. मग मागं करायची आली, लोक वेळेआधी जायला लागले म्हणून. आपण कुठं कुठं विचारायचं?" तिसरे टोक वळवून तो खाली उतरला. "यानं वीज वाचते म्हणे."

"पंख्याची नाही हो. विमानाची. म्हणजे विमानाचं इंधन." सरासरींनी भोवऱ्याचे सगळे समजावून सांगितले. वायरमनने नीट ऐकून घेतले आणि बटण दाबले. पंखा फिरू लागला. खडखड मोठी, वारा बेताचा.

"पण काका, पंखा बंद असला तर टोक वळलेलं काय आणि सरळ काय. फिरेल तेव्हाच वाचणार ना?"

"अर्थातच."

"मग विमान उभं असतं तेव्हा काय वाचतं?"

"उभं असताना कसं वाचेल? उभं असताना ते नुसतं..." एवढे बोलून सरासरी थांबले. मग खुर्ची ओढून बसले. मग बसलेले बरे नाही असे वाटून उठले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

टेबलावर जाडजूड रजिस्टर होते आणि त्यात 'उड्डाण-तास' नावाचा रकाना होता. तो बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच आखला होता. विमानाच्या चाकाखालचे लाकडी ठोकळे काढले की तास सुरू, मुक्कामी पुन्हा लावले की तास संपला. वैमानिकांचा भत्ता असाच मोजत, म्हणून ते सोयीचे होते. तेव्हा धावपट्टीपाशी पाच मिनिटांची रांग असे. आता प्रवासी रांगेत उभ्या विमानात वर्तमानपत्र संपवून छोट्या जाहिराती वाचायला घेत. विमान जमिनीवर गुरगुरत उभे असे, आणि रजिस्टरात ते उडत असे. आज सरासरींनी इंधनाची बचत त्याच तासांवर मोजली होती.

नियंत्रण कक्षातल्या, विमान उडाल्या-उतरल्याच्या वेळांच्या चिठ्ठ्या मागवून ते नव्याने गणिताला बसले. रजिस्टरप्रमाणे विमान रोज नऊ तास उडत होते. चिठ्ठ्यांप्रमाणे साडेपाच. सहा वर्षांचे जवळजवळ दहा झाले. विमानांची वर्षे आठच राहिली.

म्हणजे नाही.

त्यांनी चौकोनात आधीच लिहून ठेवलेले 'हो' खोडले. मग 'नाही' लिहिण्याआधी पेन टेबलावर ठेवले, कारण 'नाही'च्या पुढे 'का' येणार होता आणि त्याचे उत्तर बावीस वर्षे त्यांच्याच अक्षरात होते.

तेवढ्यात घरून फोन आला.

"अहो, डबा खाल्लात का?"

"नाही. अगं, एक चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी." त्यांनी सगळे सांगितले.

"म्हणजे तुम्ही उभ्या विमानालाही उडालं म्हणून लिहीत होतात?"

"हो."

"बावीस वर्षं?"

"हो."

"कुणाला कळलं नाही ना?"

"अजून नाही."

"मग कळू देताय कशाला? अकरा दिवस तर राहिलेत." मग तिने विचारले, "आणि तुमची छत्तीस वर्षं नोकरी झाली म्हणतात, त्यातली रांग किती?"

"डबा खातो," सरासरी म्हणाले.

डबा उघडला तेवढ्यात हँगरचा इंजिनीअर आला. त्याने खाडाखोड पाहिली.

"काका, हे काय? नाही म्हणताय?"

"रोज साडेपाच तासच उडतंय रे. त्यात नाही भागत."

"कुठलं विमान साडेपाच तास उडतं?"

"सरासरी."

"ते तुम्ही. मी विमानाचं विचारतोय." इंजिनीअरने स्टूल ओढले. "लांबच्या मार्गावरची चार आहेत, ती दिवसाला आठ तास हवेत असतात. जवळच्या मार्गावरची दहा, ती साडेचार तास. साडेपाचवालं एक तरी दाखवा हँगरमध्ये, मी माझी मिशी काढतो."

सरासरींनी चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. मिशी सुरक्षित होती. छत्तीस वर्षे ते ज्या विमानाबद्दल लिहीत आले होते, ते कंपनीकडे नव्हते. कधीच नव्हते. त्यांनी पुन्हा गणित मांडले. चार विमानांचा खर्च पावणेसात वर्षांत निघत होता. दहांचा बारा वर्षांत. म्हणजे हो. म्हणजे नाही. चौकोन एकच होता, आणि तोही लहान.

साडेतीन वाजता बैठकीच्या खोलीत साहेब, दोन संचालक आणि इंजिनीअर बसले. मध्ये विमानाचे मॉडेल होते, ऐटदार मिशा असलेले. वर पंखा खडखडत होता आणि तिघे साहेबलोक कपाळाचा घाम पुसत होते. सरासरी टेबलाला धरून बोलायला उभे राहिले.

"शिफारस चार विमानांना हो, दहांना नाही," ते म्हणाले. "सकाळी मी सगळ्यांना हो म्हटलं होतं. ते चुकलं. उड्डाण-तासात रांगेतला वेळ धरलेला आहे. रकाना मी आखला होता. चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही."

साहेबांनी मॉडेलच्या मिशांकडे पाहिले.

"म्हणजे हो की नाही?" एका संचालकांनी विचारले.

"दोन्ही, सर."

"सरासरी काय?"

"सरासरी नाही काढता येत, सर. म्हणजे काढता येते. पण तसं विमान नाही."

हे वाक्य कोणाला कळले ते सांगणे कठीण आहे. दुसऱ्या संचालकांनी मॉडेलची एक मिशी हळूच हलवून पाहिली. ती हातात आली. त्यांनी ती आपल्या फाइलखाली सरकवली.

"बावीस वर्षं," साहेब सावकाश म्हणाले. "आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"आजच कळलं, सर."

"कुणी दाखवून दिलं?"

"वायरमननं."

साहेबांनी यावर काही विचारायचे ठरवले असावे, पण सुरुवात कुठून करावी हे त्यांना उमगले नाही. विषय पुढच्या महिन्याच्या बैठकीवर ढकलला गेला. पुढच्या महिन्यात सरासरी नसणार होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. इंजिनीअरच्या आले. तो जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

सगळे उठल्यावर सरासरींनी तिथेच रजिस्टर उघडले, पट्टी ठेवली आणि 'उड्डाण-तास' या रकान्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. डाव्या बाजूला लिहिले, 'हवेत'. उजव्या बाजूला, 'रांगेत'. मग चौकोनात बसेल एवढ्या बारीक अक्षरात 'चारांना हो, दहांना नाही' असे लिहून त्याखाली पूर्ण नावाची सही केली. ती करताना ते एका अक्षरापाशी अडखळले.

साहेब दारापर्यंत गेले होते. ते थांबले आणि वळले.

"सरासरी."

"सर?"

"जाताना तेवढा पंखा बंद करा. फार खडखडतोय."