मंगलचा उकिरडा

ट्रकमधून भांडीकुंडी अजून उतरायची होती, तोवर मंगल घरामागं जाऊन आली.

“आक्का, उकिरडा कुठं हाय?”

वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. हंगामभर ऊस तोडून आलेल्या धाकट्या जावेचा चेहरा पार करपला होता. आधी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा, चार शब्द बोलावेत, असं त्यांनी योजलं होतं. आता तांब्या हातातच राहिला.

“गावात उकिरडा ठेवायचा न्हाई असा ठराव झाला, मंगल. तपासणी हुती.”

“मग आमचा?”

“पंचायतीनं उचलला.”

मंगलचा नवरा बजरंग ट्रकवरूनच म्हणाला, “वैनी, दोन सालाचं खत हुतं ते. औंदा रानात टाकायचं हुतं.”

वच्छलाबाईंना ते ठाऊक होतं. दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा मंगलनं म्हैस आणि उकिरडा त्यांच्याच भरवशावर सोडला होता. “शेण तितंच टाकीत जावा,” एवढंच ती म्हणाली होती. पण पुढं गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं, आणि वच्छलाबाई पडल्या उपसरपंच. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात, सगळं घंटागाडीत. घराजवळ उकिरडा दिसला की दंड. ओढ्यापलीकडं त्यांच्या माहेरी नियम निराळा होता. तिथं गाडी फक्त प्लास्टिक आणि काच न्यायची. शेण, भाजीचे देठ, राख ज्यानं त्यानं गावाबाहेरच्या आपल्या खड्ड्यात टाकायची. वच्छलाबाईंनी सभेत ते सांगूनही पाहिलं. सरपंच विठ्ठलराव हसले.

“माहेरचं कौतुक राहू द्या, वच्छलाबाई. खड्ड्याला जागा कोण देतंय? सुरुवात तुमच्याच घरापासून करू, म्हंजी दुसरं कुणी बोलायचं न्हाई.”

बजरंगला फोन करून विचारावं, असं वच्छलाबाईंच्या मनात आलं होतं. तो नको म्हणाला तर काय करायचं, म्हणून केलाच नाही. जेसीबी आला तेव्हा पदर डोक्यावर घेऊन त्या फोटोसाठी उभ्या राहिल्या. वरचा थर निघाला आणि आतलं खत दिसलं. काळंभोर, चहाच्या भुकटीसारखं मोकळं. पुढं एकदा गायरानातून येताना त्यांनी पाहिलं, घंटागाडीवाला हिरवं-निळं सगळं एकाच घळीत रिकामं करत होता. मंगलचं खतही तिथंच पडलं होतं, पिशव्या आणि फुटक्या बाटल्यांखाली.

“विठ्ठलरावाला सांगून एक ट्रॉली खत देववते मी,” त्या आता म्हणाल्या.

“ऱ्हाऊ द्या, आक्का. तुमी तरी काय करणार?” मंगल म्हणाली आणि भांडी उतरवायला गेली.

ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं वच्छलाबाईंना रात्रभर वाटत राहिलं.

काही दिवसांनी सकाळी मंगल डोक्यावर शेणाची टोपली घेऊन दारावरून जाताना दिसली. वच्छलाबाईंनी विचारलं, “कुठं निघालीस?”

“ओढ्यापल्याड. तुमच्या भावजयीनं, कौशल्याबाईनं, त्यांच्या खड्ड्यात जागा दिलीय. मीच जाऊन इचारलं.”

इतक्या दिवसांत हे आपल्याला का सुचलं नाही, हा प्रश्न वच्छलाबाईंनी स्वतःला विचारला नाही. उत्तर त्यांना माहीत होतं. भावजयीपुढं तोंड उघडायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या लगबगीनं आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या.

“थांब, आमचं बी ने. देठं हायेत, ताक नासलंय ते हाय.”

ओझ्यामुळं मंगलला मान वळवता आली नाही. तिनं समोर बघतच सांगितलं, “ते गाडीत टाका, आक्का. तुमाला लोक बोलत्याल.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती चालू लागली.

गाणं वाजवत घंटागाडी वळणावर आली होती. वच्छलाबाई डबा धरून उभ्या होत्या. ओढ्यात उतरलेली टोपली पलीकडच्या चढावर पुन्हा दिसेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.