तिसऱ्या खंडातले गढूळ पाणी

मी एक जुना तिसरा खंड आहे. ‘जलदुर्गाची गाथा’ या पाच खंडांच्या अद्भुत कादंबरीतला मधला भाऊ. मधल्या भावाचे घरात जे होते तेच माझे झाले, मित्रांनो. पहिला खंड सगळे हौसेने नेतात, पाचवा शेवट कळावा म्हणून नेतात आणि माझ्यावर धूळ बसते.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. चाळीसेक वर्षांपूर्वी एसटीच्या टपावरून मी नवेगाव बांधजवळच्या एका लहान गावाच्या वाचनालयात उतरलो, तेव्हा माझा रुबाब पाहण्यासारखा होता. पुढे सोनेरी अक्षरे उडाली, कसर लागली, एका पावसाळ्यात पाने फुगली. बारा वर्षे मी कपाटाच्या तळाशी पडून होतो. आता आपली रवानगी रद्दीत, असे मी मनाशी धरूनच चाललो होतो.

तीन वर्षांपूर्वी राखी नावाची मुलगी वाचनालय सांभाळायला आली. तिने आम्हा पाचही भावंडांना बाहेर काढून उन्हात ठेवले, खळ लावून चिकटवले आणि दर रविवारी दुपारी दोन वाजता गाथेवर चर्चा सुरू केली. आधी चार जण आले, मग वीस. आठवडाभर मोबाईलवर प्रश्न फिरायचे आणि रविवारी त्यांचा निकाल लागायचा. पंखांचे घोडे जमिनीवर उतरताना आधी पाय टेकतात की आधी पंख मिटतात, यावर दोन रविवार गेले. सरोवरातला बोलणारा मासा कोणत्या जातीचा असावा, हे मासे विकणाऱ्या शकुंतलाबाईंनी त्याच्या मिशांच्या वर्णनावरून सांगून टाकले. मी थक्कच झालो. माझ्या पोटात काय छापले आहे ते मला पाठ होते, पण त्यात एवढे काही दडले आहे हे मला ह्या माणसांनी दाखवले.

या चर्चेला केवळराम यायचा. सत्तरीचा, अबोल, दाराजवळ टेकून बसायचा. जातीने कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांतला. बावीस वर्षांपूर्वी अतिवृष्टीत गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, त्याने स्वतःच्या हाताने, कुदळीने फोडली होती. गावातल्याच मनिराम नावाच्या शेतकऱ्याचे चार एकर धान गाळाखाली गेले. पाळीला इकडे पार म्हणतात. तेव्हापासून गाव केवळरामला पारफोड्या म्हणू लागले. कोहळ्याने पार फोडावी, यापरती नाचक्की त्या घरात दुसरी नव्हती. त्याने कधी तोंड उघडले नाही. आपण बरोबर केले की घाबरून भलतेच करून बसलो, हे त्याचे त्यालाही वर्षे सरता सरता नक्की सांगता येईना.

आणि माझ्यात आहे वारुणीची कथा. वारुणी ही जलदुर्गाच्या तलावाची रखवालदार. एके दिवशी ती पाळ फोडते, राजाची शेते बुडतात आणि तिला देशोधडीला लावले जाते. तिने असे का केले हे लेखकाने पाचही खंडांत कुठे लिहिलेले नाही. मला विचाराल तर मलाही ठाऊक नव्हते. वारुणीचे नाव केवळरामच्या कानावर पडले आणि त्या दिवसापासून त्याचा एक रविवार चुकला नाही. सगळे गेले की तो राखीकडून मला मागून घ्यायचा आणि ओळीखाली बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत पहिल्या पानापासून वाचायचा; पाळ फुटते त्या पानापर्यंत तो अजून पोचला नव्हता. वारुणीच्या बाजूने एखादा शब्द सापडतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. माझ्याजवळ तो शब्द नाही असे वाटून मला फार ओशाळल्यासारखे व्हायचे.

मागच्या महिन्यात राखीने विषय ठेवला: वारुणी दोषी की निर्दोष. शेवटी हात वर करून निकाल द्यायचा. मनिराम त्या दिवशी पुढेच बसला होता. ज्याचे पीक गेले त्याला विचारा, असे त्याने सुरुवातीलाच ठणकावले. तो कोणत्या पिकाबद्दल बोलतो आहे हे सगळ्यांना कळले. केवळरामने मान खाली घातली.

राखीने पाळ फोडण्याचे पान मोठ्याने वाचले. “वारुणी पाळीच्या पायथ्याशी उतरली. पाझराचे पाणी तिने ओंजळीत धरले. कालपर्यंत नितळ असलेले पाणी आज गढूळ होते. तिने कुदळ मागवली.”

गावच्या शाळेतल्या योगराज गुरुजींनी चष्मा सावरला आणि अर्थ सांगितला. गढूळ पाणी हे वारुणीच्या गढूळ मनाचे प्रतीक आहे, तिच्या मनात द्रोह शिरला होता. गुरुजींचे बोलणे ऐकायला गोड असते. माना डोलल्या, मलाही ते पटले. दोषी म्हणून हात वर होऊ लागले.

तेवढ्यात केवळराम भिंतीला धरून उभा राहिला.

“गुरुजी, ते मनाचं काई नाई,” तो म्हणाला. “पारीतून पानी झिरपतेच. नितळ झिरपलं त पार धड आहे. गढूळ आलं, म्हंजे पार आतून वाहून राह्यली. घंट्या-दोन घंट्यात मधातून फुटते, अन् गावच घेऊन जाते. तवा जिकडं घरं नाईत तिकडून आपल्याच हातानं तोडा लागते.”

गुरुजींनी माझे पान पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि मोठ्या मनाने कबूल केले की आपला अर्थ चुकला. मला त्या क्षणी गुरुजींचाही अभिमान वाटला. वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

मनिराम मात्र केवळरामकडेच पाहत होता.

“तू पाह्यला होतास ते पानी?” त्याने विचारले.

“पाह्यलं होतं. लाल, गढूळ.”

“मंग बावीस वर्सं सांगतला काऊन नाईस?”

“विचारलं कोनं?”

मनिरामचे घर पाळीच्या अगदी मध्याखाली आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. मग तो उठला, केवळरामशेजारी जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, “माह्या घरात त्या दिशी सहा मानसं होती.”

केवळराम रडला. सगळ्यांसमोर रडला आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या पुस्तकांना कव्हर घाला, ऊन दाखवा, ओल्या हाताने आमची पाने उलटू नका. मात्र नुसते जपून ठेवलेत तर आम्ही मुकेच राहू. आम्हाला चारचौघांत उघडा, आमच्यावर भांडा. आणि कोणाला दोषी ठरवायला हात वर करण्याआधी, त्याने ओंजळीत काय पाहिले होते ते त्याला विचारा.