विहिरीतलं ऊन

ओंजळ ओठांशी आली आणि मोहिद्दीन थांबला. पाण्यावर पांढुरका तवंग होता. नळाला पाणी सोडण्याआधी विहिरीची पहिली ओंजळ आपण प्यायची, हा या पाणीवाल्याचा तीस वर्षांचा नेम. आज त्यानं ती ओतून दिली आणि व्हॉल्व्ह न उघडताच बादली घेऊन तडक घर गाठलं.

त्याची लेक अर्फा फलटणला रसायनशास्त्र शिकत होती. तिनं बोट बुडवून चोळलं.

"पुण्याच्या पावण्यांचं क्रीम हाय हे, अब्बा. विहिरीत पोहायला येत्यात, तवा उनानं कातडी भाजू नये म्हणून लावत्यात. तवंग तरी दिसतोय; त्यातले जस्ताचे कण इतके बारीक, की वाळूच्या फिल्टरात अडकतील याचा भरवसा न्हाई."

"प्यालं तर काय हुतंय?"

"नीट कुणालाच ठावं न्हाई अजून."

म्हणजे पोहणं बंद! पावणे गेले खड्ड्यात. पण वाडीतली निम्मी पोरं मोहिद्दीननंच पाठीला डबा बांधून याच विहिरीत तरंगवली होती. ती आता कुठं शिकणार? त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात बनुबाई आली. पावणे तिच्याच मळ्यात मुक्कामाला असत.

"चाचा, नळ कोरडा का ओ?" सगळं ऐकून ती मटकन खाली बसली. "आता पावण्यांस्नी काय सांगू?"

अर्फा विचारात होती. "अब्बा, विहिरीत ऊन कवा पडतंय?"

"बारा ते दोन. एरवी सावलीच."

"आन् पावणे कवा उतरत्यात?"

मोहिद्दीननं कपाळावर हात मारला. बाराला या, तळ दिसतो, फोटू झकास येतो, असं सांगणारा शहाणा तोच होता.

"घ्या! म्याच उनात बोलावलं, म्हणून त्यांनी थापलं!"

"मग सकाळी सातला बोलवा की," बनुबाई म्हणाली.

विहीर उपसली. आठवडाभर बोअरवर भागलं. पुढच्या रविवारी सातला पावणे आंघोळ करून काठावर कुडकुडत उभे राहिले, वाडीच्या पोरांशेजारी. एकीनं सवयीनं ट्यूब काढली.

"आवं ताई," बनुबाईनं ती काढून घेतली, "आत ऊनच न्हाई, लावताय कुणासाठी?"

सगळे हसले आणि धडाधड उड्या पडल्या.

सारे बाहेर आल्यावर मोहिद्दीननं बादली ओढली. तिरकी करून नीट पाहिली. मग सगळ्यांदेखत ओंजळ भरून प्यायला, ओल्या हातानं मिशी पुसली आणि व्हॉल्व्ह उघडायला गेला.