मधमाशी आधी की मी

घड्याळजीला ताईने लाल भोपळ्याच्या आठ बिया पाठवल्या. घरचं हे वाण इतकी वर्षं तिनेच जपलं होतं. आता गुडघे तिला वाफ्यात बसू देईनात.

"हाताने फळ धरव," तिने फोनवर बजावलं. "शेजारचा पराग लागला तर बी बिघडतं."

शेजारी नर्सबाईंच्या कुंपणावर लाल भोपळ्याच्याच एका लांबट, हिरव्या सालीच्या जातीची वेल होती. मधमाश्या दोन्हीकडे सारख्याच फिरत.

केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या घड्याळजीचं डोकं फुलांपुढे चालेना. पंधरा दिवस फुलंच फुलं, फळाचा पत्ता नाही.

"शाळेत निदान भोपळे तरी मिळायचे तुम्हाला," बायको म्हणाली.

ताईने समजावलं, "आधी नुसती नरफुलंच येतात. फुलाखाली इवलासा भोपळा दिसला की ती मादी."

अखेर ती दिसली. संध्याकाळी त्याने ती कळी आणि एक नरकळी दोऱ्याने बांधून ठेवली. सकाळी नरफुलाच्या पाकळ्या काढून आतला पिवळा दांडा हातात धरला, मादीफुलाचा दोरा सोडला, तर एक पाकळी कडेला फाटलेली. आतून अंगभर पिवळी झालेली मधमाशी निघाली आणि उडून गेली.

तो तसाच उभा राहिला. ही आली कुठून? आपल्या वेलीवरून की नर्सबाईंच्या? शेवटी त्याने दांडा फिरवला आणि फूल पुन्हा बांधलं. पुढच्या दोन माद्या गळून पडल्या. धरलं ते हेच.

अडीच महिन्यांत भोपळा तयार झाला. गोल, नारिंगी, हुबेहूब ताईच्या भोपळ्यांसारखा. त्याचा जीव भांड्यात पडला.

"फळ आईवरच जातं रे," ताई म्हणाली. "बाप कोण ते बी पेरल्यावर कळतं."

"पण पराग मी लावला."

"मधमाशीनेही लावला असेल."

"मग लागला कोणाचा?"

"मला काय विचारतोस? तिथे तू होतास."

पुढच्या वर्षी त्याने सहा बिया पेरल्या. चार वेलींना गोल भोपळे धरले, दोन वेलींना लांबुळके, हिरवट. ताई रिक्षाने बघायला आली.

"एकाच फळातल्या बिया ना या?" त्याने विचारलं.

"एका फुलात दोघांचाही पराग लागू शकतो."

"मग हे चार तरी नक्की आपले?"

ताईने एक गोल भोपळा बराच वेळ निरखला. "दिसतात तर आपल्यासारखे," ती म्हणाली. "खरं सांगू, मलाही कळत नाहीये. या गोल भोपळ्याच्या वेलीला अजून कळ्या येतायत. खुर्ची आण, मी बसते. तू बांध."

त्याने दोरा आणला. या वेळी प्रत्येक कळीवर कापडाची पिशवीही चढवली.