सुताराशी न झालेली लढत

थोरल्याच्या बाहीला तांब्याच्या तारेचा एक तुकडा अडकला होता, केसाएवढा, आणि हात हलला की तो चमकायचा. पूर्वीचा थोरला असता तर त्याने तो चिमटीत धरून भंगाराच्या डब्यात टाकला असता आणि टाकताना धाकट्याकडे असं बघितलं असतं, जणू तांबं उधळायची सवय धाकट्यालाच... आता त्याला तो दिसतही नव्हता. धाकटा समोरच्या बाकावर जळलेल्या पंख्याची मोटर उघडून बसला होता. करपलेल्या वार्निशचा वास घशापर्यंत उतरलेला, आणि डोक्यात एकच – विचारायचं. आज विचारायचंच. मग स्क्रू निघायचा, तो डब्यात पडायचा, पुढचा स्क्रू – आणि विचारायचं तसंच राहून जायचं.

सकाळी वहिनी दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. आत थोरल्याला ऐकू जाऊ नये म्हणून इतकं हळू बोलली की ते हळू बोलणंच ऐकू गेलं असेल.

"भावोजी, आता तुम्हीच विचारा बाई. मी विचारलं की नुसतं हं करतात. उद्या डॉक्टरांना कळवायचंय."

कळवायचं ते एवढंच, की ऑपरेशन करून छाती उघडायची का गोळ्यांवरच राहायचं. उघडली तर टेबलावरच सगळं आटोपण्याची भीती होती. डॉक्टरने ती लपवली नव्हती, उलट जरा जास्तच चवीने सांगितली असं धाकट्याला वाटलं होतं आणि त्याच्या स्वच्छ हातांचा त्याला फार राग आला होता. नाही उघडली तर आहे तसं. म्हणजे दुकानाच्या तीन पायऱ्या चढायला मध्ये एकदा थांबायचं. पुढे दोनदा. पुढे घरातच.

आणि थोरला हल्ली सगळ्याला हो म्हणायचा. पेज? हो. स्वेटर? हो. आयुष्यभर ज्याने गिऱ्हाइकाच्या 'नमस्कार'लाही हरकत घेतली, तो माणूस! धाकट्याला त्या प्रत्येक 'हो'चा संताप यायचा. भांड की रे. एकदा तरी भांड.

भांडायला त्यांना विषय एकच होता आणि तो कधी संपला नव्हता: पहाड. बॉक्सिंगमधला हेवीवेटचा जगज्जेता, आडदांड, हसरा, समोरच्याला दोन फेऱ्यांत आडवा करणारा – आणि सुताराशी कधीच न लढलेला. सुतार हे त्या दुसऱ्याचं नाव पडलेलं, कारण तो डावखुरा गडी खिळा ठोकावा तसा एकाच जागी मारत राहायचा. पहाड आणि सुतार समोरासमोर यावेत म्हणून अर्धं जग ताटकळलं आणि ते आले नाहीत. थोरला म्हणायचा, भ्याला. धाकटा म्हणायचा, शहाणा होता. लग्नं झाली, आई गेली, रस्ता रुंद झाला, दुकानाचं अर्धं छत गेलं. भ्याला आणि शहाणा मात्र जागच्या जागी.

दुकानाचा एक नियम होता. जो तार गुंडाळतो आहे त्याच्याशी बोलायचं नाही, कारण तो वेढे मोजत असतो, आणि मोजणी चुकली की सगळी कॉइल उसवायची. धाकटा मुद्दाम तेव्हाच बोलायचा. थोरल्याचे ओठ हलत राहायचे, मान खाली, आणि कॉइल पुरी झाली, टोक कापलं, की मग उत्तर यायचं, चांगलं शिजलेलं, धाकटा काय बोलला होता ते विसरून गेल्यावर.

आत्ताही थोरला गुंडाळत होता. धाकट्याला दुसरं काही सुचेना.

"पहाडची मुलाखत आलीय," तो म्हणाला. "म्हणतो, सुतार माझ्या तोडीचा नव्हताच."

आणि तो वाट बघू लागला. मोठी कॉइल होती, वेळ लागणार...

थोरल्याचा हात थांबला. अर्ध्यातच.

"बरोबर म्हणतो," थोरला म्हणाला. "कशाला जायचं समोर? धड अंगाने घरी परतायचं, हेच तर काम. तूच म्हणायचास ना?"

तार सैल पडली. धाकट्याला आधी वेढ्यांचंच वाईट वाटलं – किती झाले होते कुणास ठाऊक – आणि मग बाकीचं आलं. म्हणजे ठरलं याचं, छाती उघडायची नाही. कुणाला न सांगता ठरलं, आणि ठरवलं माझ्या वाक्याने! इतकी वर्षं मी ते घासूनपुसून लखलखीत ठेवलं ते काय यासाठी?

"बरोबर कसलं, डोंबलाचं!" तो ओरडला. "भ्याला तो! तीनदा करार समोर ठेवला. एकदा खांदा दुखला, एकदा म्हणे जगज्जेतेपदाचा पट्टा कुणाचा खरा धरायचा, एकदा मॅनेजरच बदलला. आणि मध्ये लढला कुणाशी? गुडघा बदललेल्या म्हाताऱ्याशी!"

"तू कधीपासून रे?"

"आजपासून. घरीच परतायचं होतं तर बस चालवायची होती. बसवाला रोज परततो."

थोरला हसला. खरंच हसला, खांदे हलले, मग धाप लागली आणि हसू तिच्यात बुडालं. तरी डोळ्यांत ते थोडं उरलं होतं.

"माझं वाक्य आहे ते, चोरा."

"मग घे की परत!"

बाहेर कुणीतरी शटर ओढलं. हातातली सैल तार सरळ करत थोरला अगदी हळू, लहानपणी सायकल शिकवताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला,

"मार कुणाला बसला असता, शहाण्या? तुला की मला?"

आणि उत्तराची वाट न बघता त्याने कॉइल उसवायला घेतली. सगळी उसवली. टोक पुन्हा अडकवलं. ओठ हलू लागले.

आता बोलायचं नव्हतं. धाकट्याला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली. आपण दोघे खुर्चीत बसून ओरडणारे, जन्मभर – ऊठ, भिड, पळपुट्या! आणि आता याच्या छातीवरून सुरी फिरावी म्हणून मी तसाच ओरडतोय, कारण तो मला हवा आहे. मला. पायऱ्यांवर थांबणारा नको, पूर्वीचा हवा, तांब्यासाठी डोळे वटारणारा. आणि तो टेबलावरच संपला तर?... तर मीच पाठवला. आणि गोळ्यांवर विझत गेला, तर तेही माझ्याच वाक्याने.

पहाड भ्याला होता का? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला हे खरोखर कळेनासं झालं. आणि आणखी एक आठवलं – आठवलं कसलं, कधी मनातच आलं नव्हतं – की पहाडच्या घरीही कुणीतरी असणार. बायको, बहीण, एखादा धाकटा. करार समोर आला त्या दिवशी तो धाकटा तिथेच बसला असेल, काहीतरी दुरुस्त करत, नाही तर नुसताच, भावाच्या त्या दांडग्या पाठीकडे बघत. त्याला लढ म्हणवत नसेल. लढू नको म्हणवत नसेल. पहाडच्या त्या भावाबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता, दोघांपैकी कुणीच, आणि आता धाकट्याला तो इतका जवळचा वाटू लागला की त्याने बाकावर जरा सरकून जागा केली... थोरला मोजत होता, ओठांनी, न चुकता. आणि धाकट्याला, एवढा जीव थोरल्याच्या उत्तरात अडकलेला असूनही, ती कॉइल पुरी व्हायला नको होती.