अण्णांचा चौथा रेझिस्टर

जेवणाच्या टेबलावर तीन महिन्यांत कोणी जेवलं नव्हतं. तिथे अण्णांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ पोट उघडं टाकून पालथा पडलेला असायचा आणि घरातली तिघं मांडीवर ताट घेऊन बसायची.

रेडिओ तीनदा दुरुस्त झाला होता. तिन्ही वेळा व्हॉल्व्ह छान तापले, अर्ध्या मिनिटाने जळका वास आला आणि तोच एक रेझिस्टर काळा पडला.

"हल्लीचा मालच भिकार," अण्णा म्हणायचे. पस्तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात तारा जोडल्या होत्या.

"माल नाही, डोळे दाखवा," आई म्हणायची.

"रेडिओ वाजला की समजायचं डोळे शाबूत आहेत. चौथ्यांदाही जळला तर म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो. मग तर झालं?"

सुट्टीच्या दुपारी त्यांनी चौथा रेझिस्टर बसवला आणि जरा आडवे झाले. लेकीने सहज वाकून पाहिलं. आठवडाभर प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासून तिचे स्वतःचे डोळे चुरचुरत होते, तरी रेझिस्टरवरचे पट्टे स्पष्ट दिसले: पिवळा, जांभळा, तांबडा. म्हणजे चार हजार सातशे ओहम. रेडिओच्या जोडणीच्या नकाशात अण्णांनीच पेन्सिलीने लिहिलं होतं, सत्तेचाळीस हजार. तिसरा पट्टा नारिंगी हवा होता. विजेला दहापट कमी रोध, मग जळेल नाही तर काय? डबीत दोन्ही प्रकार शेजारशेजारच्या खणांत होते. अण्णांना तांबडा आणि नारिंगी एकच दिसत होता. आणि हा माणूस अडीचशे व्होल्टच्या यंत्रात बोटं घालत होता.

आता उठवून सांगायला हवं होतं. मग ते डबी घेऊन खिडकीशी जाणार, हा नारिंगीच आहे म्हणणार, आई तोंड घालणार, संध्याकाळ त्यातच जाणार. नाहीतर आज तो जळू द्यायचा आणि परत त्यांचं ते उतरलेलं तोंड बघायचं. तिच्यात यातल्या कशाचंच त्राण नव्हतं. तिने इस्त्री तापवली, म्हणजे सोल्डरची, रेझिस्टर बदलला आणि भांडी घासायला गेली. डॉक्टर हातचा गेला, हे तिला पहिलं पातेलं घासतानाच कळलं.

चार वाजता रेडिओ वाजला. कोणीतरी खोकल्यावरचे उपाय सांगत होतं.

"तीन महिने हे ऐकायला राबलात?" आई म्हणाली.

"डोळ्यांचं काय म्हणत होतीस तू?"

आईने लेकीकडे पाहिलं. लेक ताटं पुसत राहिली.

अण्णांनी खोकला पुरता ऐकला. मग प्लग काढला, साठलेली वीज उतरवून घेतली आणि रेडिओ पुन्हा पालथा केला. काम झालं की सोल्डरच्या प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. तिथे तारांच्या मागे कायम अंधारच असायचा. बोट फिरत गेलं आणि थांबलं. पुन्हा मागे आलं.

"हा टाका माझा नाही."

लेकीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"माझा टाका असा गोळा होत नाही. काय बदललंस?"

"सत्तेचाळीस हजारांचा बसवला. तुमचा चार हजार सातशेचा होता."

"आधीचे तीन?"

"तेही तसलेच असणार, अण्णा."

त्यांनी डबी जवळ ओढली. दोन्ही खणांतला एकेक रेझिस्टर तळहातावर घेतला, नाकाशी नेला, लांब धरला. बराच वेळ.

"यातला नारिंगी कुठला?"

तिने बोट ठेवलं. त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि दोन्ही डबीत टाकले, कुठल्या खणात ते न बघता.

"सोमवारची वेळ घे," ते म्हणाले. "आणि हा टाका गार बसलाय, महिन्याभरात सुटेल. इस्त्री लाव. मी सांगतो, तू कर."

"आत्ता?"

"मग केव्हा?"

तिला खरंतर आडवं व्हायचं होतं. तिने खुर्ची ओढली आणि इस्त्रीचा प्लग लावला.