टाकीच्या चढावर पाइपबाबा

गॅरेजच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध एक जीप बॉनेट उघडून उभी होती आणि तिच्या इंजिनावर हातभर लांबीचा सोनेरी पाइप चकाकत होता. पाइपबाबांनी डोळे मिटून त्याला कान लावला. साठ माणसांनी श्वास रोखला, जणू इंजिन आता घरची खबरबात सांगणार होतं.

"इंजिनालाही जीव असतो," बाबा म्हणाले. "कंपनीचा रबरी पाइप त्याचा गळा आवळतो. माझा पाइप अकरा दिवस मंत्राच्या नादात ठेवलेला आहे. यातली हवा तापत नाही. हवा थंड, म्हणजे ताकद दुप्पट."

त्यांनी खूण केली. उभ्या गाडीचं इंजिन गरजलं, पाइपातून सूं सूं आवाज आला. बाबांनी पाइपावर तळहात ठेवला आणि मंद हसले. "या. हात लावा."

रांग लागली. किराणा दुकानदार म्हणाला, "थंडगार." निवृत्त मुख्याध्यापकांनी हात लावून मान डोलावली, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला पटलं म्हटल्यावर बाकीच्यांना डोकं चालवायची गरजच उरली नाही.

मागे उभ्या असलेल्या नळवाल्याने हात लावला नाही. असले पाइप त्याने तीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली बसवले होते. सोनेरी रंग दिला म्हणून सांडपाण्याचा प्लास्टिकचा पाइप त्याच्या ओळखीतून थोडाच सुटणार होता?

जीप त्याच्या जावयाची होती. मुलीला सातवा महिना होता आणि उद्या सकाळी तिला याच जीपमधून डोंगरापलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. रस्ता सगळा चढाचा, एका अंगाला दरी, मागे ट्रकची रांग.

"जावईबापू, जुना पाइप फुटला होता का?"

"छे हो मामा, चांगला होता. मागच्या सीटखाली आहे. पण बाबा म्हणाले गळा आवळतो."

"हा पाइप मी बेसिनखाली बसवतो. जोडायला सॉकेट नसलं की टोक आगीवर शेकतो. मऊ झालं की दुसरा पाइप आत ढकलतो. मेणासारखा वागतो हा."

"मामांना कुठंही मोरीच दिसते," जावई म्हणाला. आजूबाजूचे खो खो हसले.

एरवी नळवाला गप्प बसला असता. पण त्याची बायको जाऊन चौदा महिने झाले होते. अशाच एका दाढीवाल्या बाबाच्या सांगण्यावरून तिने साखरेची इंजेक्शनं बंद केली होती आणि हातात तांब्याचं कडं घातलं होतं. कडं आणून दिलं होतं नळवाल्यानेच. जन्मभर तांब्याच्या नळ्या वळवणारा माणूस, तांबं काय करतं आणि काय करत नाही हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी त्याने आणलं.

तो पुढे झाला. "बाबा, गाडी जागेवर उभी आहे. ओझं नाही, चढ नाही. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला कामच नाही, तर हवा तापेल कशाला? रिकामी घागर उचलायची आणि म्हणायचं, बघा, मला घाम येत नाही."

"अविश्वासाची झळ पाइपाला बाधते," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "असल्यांनी लांब राहावं."

"राहतो की. मी मागून स्कूटरवर येतो. गाडीत तुमचे सहा भक्त बसवा, पुढे तुम्ही बसा, आणि टाकीचा चढ चढा."

"आज नाद मंद आहे."

तेवढ्यात फाटकाशी उभी असलेली त्याची मुलगी नवऱ्याला म्हणाली, "आज मंद असेल तर उद्याही असेल. उद्या आत मी बसणार आहे. अप्पा म्हणतात ते करा."

बाबा पुढे बसले, चाकावर जावई. मागे किराणावाला, मुख्याध्यापक आणि आणखी चार भक्त चढले.

पाण्याच्या टाकीचा चढ तीन किलोमीटरचा. पहिल्या वळणापर्यंत भक्तांच्या गप्पा मागे स्कूटरवर नळवाल्याला ऐकू येत होत्या. दुसऱ्या वळणावर फट्ट असा आवाज झाला, काळ्या धुराचा लोट उठला आणि जीप धापा टाकत थांबली. स्कूटरला मागे टाकून आलेला पाण्याचा टँकर हातभर अंतरावर कसाबसा आवरला. जीपमधून सर्वांत आधी उडी कुणी मारली असेल? बाबांनी.

नळवाल्याने बॉनेट उघडलं. पाइप भोपळ्यासारखा फुगून त्याला आवळून धरणाऱ्या पट्ट्यातून निसटला होता. त्याने फडकं धरून दाबलं, तशी बोटं आत रुतली.

"आता लावा हात. रांगेने या."

कुणी आलं नाही.

"सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना? दाबली की हवा तापते. टर्बोचं कामच हवा दाबायचं. चढाला, ओझ्याने ती उकळत्या पाण्याहूनही गरम होते. हा पाइप त्याच्या आधीच मऊ पडतो. कंपनीने तो रबरी पाइप तिथं उगाच नाही दिला."

"बाबा," किराणावाला हळूच म्हणाला, "जाड पाइप मिळेल का?"

 नळवाला मुख्याध्यापकांकडे वळला. "सर, तुम्ही हात लावलात म्हणून साठ जणांनी लावला. आधी विचारायचं होतं, की हे ओझ्याखाली करून दाखवा."

मुख्याध्यापकांनी मागच्या सीटखालून जुना पाइप काढून जावयाच्या हातात दिला.

इंजिन निवल्यावर जावयाने जुना रबरी पाइप बसवला. पट्टा आवळताना मान वर न करता म्हणाला, "मामा, तुमचंच खरं. उद्या निघू बिनघोर."

"माझंही खरं मानू नका. मी सांगितलं म्हणून मानलंत तर मी दुसरा बाबा झालो. सगळ्यांना पुन्हा आत बसवा आणि वरपर्यंत जाऊन बघा."

भक्त निमूट आत बसले. बाबा बसले नाहीत, ते पायी खाली निघाले होते. जीप चढाला लागली, पहिल्या गिअरमध्ये, मग दुसऱ्या. नळवाला स्कूटरवरून मागे राहिला आणि प्रत्येक वळणावर कान देऊन ऐकत गेला, थेट टाकीपर्यंत.